ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह: किती घाबरायचं?

बाळीवेसची_लेक (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवरच पडीक असते, आज जरा वेगळं विचारायचंय.

धाकट्या भावाने (वय २९) कंपनीतल्या शिबिरात रक्तदान केलं. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन, येऊन भेटा. गेला, तर कावीळ ब (हिपॅटायटिस बी) निघाली. मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. ते सत्तरीचे, कमी बोलणारे. रिपोर्ट बघून म्हणाले, "ऑस्ट्रेलिया पॉझिटिव्ह आहे. सहा महिन्यांनी परत बघू." घरी येऊन सांगितलं तर आजी म्हणते, "आपल्यात ऑस्ट्रेलियाला कोण गेलतं?"

हसलो तेव्हा. पण रात्री मी मोबाईलवर वाचत बसले आणि झोप उडाली. यकृताच्या कर्करोगाचा धोका २२३ पट असं लिहिलं होतं. भावाला काहीही त्रास नाही. रोज जिमला जातो, चहाशिवाय व्यसन नाही.

दोन प्रश्न. हे २२३ पट कुठून आलं आणि ते खरं आहे का? आणि दुसरा म्हणजे त्याच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. मुलीकडच्यांना सांगायचं का?

आईने त्याचं ताट, वाटी, पेला वेगळा केलाय. तो काही बोलला नाही. पण परवा जेवण झाल्यावर स्वतःच धुऊन वेगळ्या फळीवर ठेवलं, ते मला बघवलं नाही.

कडक_भाकरी
आजींना साष्टांग दंडवत. बाकी गंभीर विषय आहे, जाणकार येतीलच. तोवर बूड टेकतो.

लॅबवाला_निवृत्त
ताई, आधी ते ताट फळीवरून खाली आणा. जेवणातून, भांड्यांतून, हात मिळवल्याने, शेजारी झोपल्याने ही कावीळ पसरत नाही. दूषित पाण्यातून येते ती अ आणि ई. ब येते रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, दात घासायचा ब्रश आणि नखं कापायचं यंत्र. ताट नाही.

आता आजींच्या प्रश्नाचं उत्तर. ३१ वर्षं लॅबमध्ये काढली, तेव्हा आम्हीही 'ऑस्ट्रेलिया'च म्हणायचो. जुने डॉक्टर अजून म्हणतात. तपासणीचं आजचं नाव एचबीएसएजी.

बरूच ब्लूमबर्ग नावाचा अमेरिकन डॉक्टर होता. तो काविळीच्या मागे नव्हताच मुळी. वेगवेगळ्या मुलखांतल्या माणसांच्या रक्तात काय फरक असतात, आणि त्यामुळे कुणाला एखादा रोग होतो नि कुणाला का होत नाही, हा त्याचा छंद. जगभरातून रक्ताचे नमुने गोळा केलेले. हिमोफिलियाच्या (जखमेतलं रक्त लवकर न थांबण्याचा आजार) रुग्णांना सारखं दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं, त्यामुळे त्यांच्या रक्तात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार होतात. अशाच एका न्यूयॉर्कच्या रुग्णाचं रक्तद्रव आणि ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाचं रक्तद्रव जेलमध्ये समोरासमोर ठेवलं, तर मधे एक पांढरी रेघ उमटली. म्हणून ऑस्ट्रेलिया अँटिजेन. १९६५ साली ते छापलं. काय आहे ते मात्र कळेना. आधी वाटलं रक्ताच्या कर्करोगाशी संबंध असेल.

उलगडा झाला तो १९६७ मध्ये. त्यांच्याच लॅबमधल्या तंत्रज्ञ बाईंना बरं वाटेना. त्यांनी स्वतःचंच रक्त तपासलं, तर रेघ आली. पुढे त्यांना कावीळ झाली. म्हणजे ते अँटिजेन या काविळीच्या विषाणूचंच प्रथिन होतं. हा भाग मी नव्या पोरांना मुद्दाम सांगायचो. हातमोजे न घालणाऱ्यांना तर दोनदा.

वाहकांच्या (त्रास नसला तरी विषाणू अंगात बाळगणाऱ्यांच्या) रक्तातलंच ते प्रथिन शुद्ध करून त्यापासून लस करायची, हे ब्लूमबर्ग आणि इर्विंग मिलमन यांनी १९६९ मध्ये मांडलं. १९७६ साली ब्लूमबर्गना नोबेल मिळालं. २८ जुलै त्यांचा जन्मदिवस, म्हणून जागतिक हिपॅटायटिस दिवस त्याच तारखेला.

कडक_भाकरी
म्हणजे भावाला ऑस्ट्रेलियाचा व्हिसा नाही, फक्त शिक्का मिळाला.

बाळीवेसची_लेक
@कडक_भाकरी, भावाला वाचून दाखवलं. चार दिवसांत पहिल्यांदा हसला. धन्यवाद.

नान्नजचा_माळढोक
२२३ चा आकडा खरा आहे, आणि त्यामागची गोष्ट मला या विषयातली सगळ्यात आवडती. पामर बीझली हा अमेरिकन साथरोगतज्ज्ञ सत्तरच्या दशकात तैवानात होता. तिथे कावीळ बचे वाहक भरपूर आणि यकृताचा कर्करोगही भरपूर. दोन्ही एकाच गावात नांदतात म्हणून एकामुळे दुसरं होतं असं म्हणता येत नाही. कर्करोग झालेल्यांच्या रक्तात विषाणू सापडत होता, पण शंका घेणारे म्हणत, आजारी यकृतात विषाणूने नंतर घर केलं असेल. आधी कोण आलं, हेच तर कळायला हवं.

म्हणून त्याने उलटं केलं. आधी निरोगी माणसं घेतली. १९७५ पासून पुढे सरकारी नोकरीतले २२,७०७ पुरुष नोंदवले, सगळ्यांचं रक्त तपासलं आणि वाट बघत बसला. सरकारी नोकर का? तर त्यांचा आरोग्य विमा आणि आयुर्विमा सरकारी, त्यामुळे कोण आजारी पडलं, कोण कशाने गेलं, याची नोंद हमखास मिळणार. मला हे फार भारी वाटतं. प्रतिभा वगैरे ठीक, पण रजिस्टर नीट ठेवणारं खातं शोधणं हीसुद्धा अक्कलच.

३,४५४ जण वाहक निघाले, १९,२५३ नव्हते. १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. तोवर यकृताच्या कर्करोगाचे ४१ रुग्ण सापडले होते. त्यातले ४० वाहकांमधले. उरलेल्या एकोणीस हजारांत फक्त एक. तिथून ते २२३ आलं.

निबंधाच्या लेखकांत त्याची सहकारी, पुढे बायको झालेली लू-यू ह्वांगसुद्धा आहे.

गणितमास्तर_होटगीरोड
माळढोक यांनी आकडे दिले म्हणून बरं झालं. ताई, वही घ्या. ३,४५४ मधून ४० वजा करा. ३,४१४. एवढ्या वाहकांना त्या काळात कर्करोग झालाच नाही. म्हणजे शंभरात एकाच्या जरा वर. २२३ पट हे गुणोत्तर आहे. ज्यांना विषाणू नाही त्यांना हा रोग इतका क्वचित होतो की कशालाही त्याने भागलं तरी उत्तर मोठंच येणार. वर्तमानपत्रवाले नेमकं तेवढंच छापतात. भावाला म्हणावं निवांत झोप.

पोटाचा_डॉक्टर
मास्तर, वजाबाकी बरोबर, पण 'निवांत झोप' नको. माणसी सरासरी सव्वातीन वर्षांचाच तो हिशोब होता. भावाला अजून चाळीस-पन्नास वर्षं काढायची आहेत, आणि धोका वयाबरोबर वाढतो. त्याच अभ्यासात वाहकांमधले १०५ मृत्यू झाले, त्यातले निम्म्याहून जास्त यकृताच्या कर्करोगाने किंवा सिरॉसिसने (यकृत कडक होऊन निकामी होणं). वाहक नसलेल्यांत हे प्रमाण दीड टक्का. घाबरून उपयोग नाही, पण विसरून तर अजिबात चालणार नाही. माझ्याकडे येणारे बहुतेक जण 'डॉक्टर म्हणाले काही करायची गरज नाही' हे वाक्य घेऊन दहा वर्षांनी येतात.

'सहा महिन्यांनी बघू' यात तथ्य आहे. सहा महिन्यांनंतरही एचबीएसएजी पॉझिटिव्ह राहिलं तर तो जुनाट संसर्ग धरतात. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचं नसतं. यकृताची एन्झाइम्स, विषाणूचं डीएनए किती आहे, ई अँटिजेन (हे बच्याच विषाणूचं, ई काविळीशी संबंध नाही), पोटाची सोनोग्राफी एवढं आत्ताच करून घ्या. औषध सगळ्यांना लागत नाही. लागलं तर टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर. रोज एक गोळी, बहुधा वर्षानुवर्षं. विषाणू मुळासकट जात नाही, पण दबून राहतो आणि कर्करोगाचा धोकाही कमी होतो. गोळी मनाने बंद करायची नाही, यकृत एकदम भडकतं. दारू शून्य.

आणि हे लक्षात ठेवा, कावीळ बमध्ये सिरॉसिस न होताही कर्करोग होऊ शकतो, कारण या विषाणूचे तुकडे पेशीच्या डीएनएतच जाऊन बसतात. म्हणून ज्यांचा धोका जास्त त्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. घरात कुणाला यकृताचा कर्करोग झाला होता का?

खर्चाची काळजी असेल तर २०१८ पासून काविळीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. सिव्हिलमध्ये चौकशी करा.

जोडबसवण्णा_चौक
काय घाबरूलालाव ओ ताई. आमच्या चुलत्याला कावीळ झाल्ती, डोळे हळदीवाणी. अक्कलकोट रोडला एका गावात एक बाबा माळ घालतो. गळ्यात घातली की माळ वाढत वाढत पोटापर्यंत येती, कावीळ खाली उतरती. चुन्याच्या पाण्यात हात धुतला की पाणी पिवळंजर्द. डोळ्यांनी बघितलंय मी. पंधरा दिवसात चुलता मागावर उभा.

लॅबवाला_निवृत्त
जोडबसवण्णा, माळेत ओल्या काड्या सैल गाठीत बांधलेल्या असतात. काड्या वाळून बारीक होतात, गाठी सरकतात, माळ लांब होते. खुंटीला अडकवून बघा, खुंटीचीही कावीळ उतरेल. हाताला आधी झाडाच्या सालीचा रस चोळलेला असतो, चुना लागला की पिवळा होतो. आणि चुलत्यांना बहुतेक पाण्यातली कावीळ असणार, ती पथ्याने आणि विश्रांतीने बरेचदा आपली आपणच जाते. श्रेय माळेला.

जोडबसवण्णा_चौक
खुंटीची कावीळ! जबरा बे. पण आजीला कोण सांगणार हे.

विडीघरकुल
पाण्यातल्या काविळीवरून आठवलं. आमच्याकडे उजनीचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं. बॅरल भरून ठेवायचे, जाळी लावायची आणि देवावर हवाला. गरोदर बायांना ई प्रकारची कावीळ जिवावर बेतते, हे माझ्या वहिनीच्या वेळी कळलं. देवाने वाचवली. पुण्याच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) डॉ. विद्या अरणकल्ले यांनी काविळीच्या विषाणूंवर, खास करून ई वर, आयुष्यभर काम केलंय. आपल्याला तैवानचा बीझली माहीत, पुण्याच्या बाई माहीत नाहीत. मला तरी त्या वेळेपर्यंत नव्हत्या.

नान्नजचा_माळढोक
+१. माझीही चूक, मी त्यांचं नाव घ्यायला हवं होतं.

पेठेतला_पोरगा
परदेशी डॉक्टर तैवानात जाऊन राहिला याचं एवढं कौतुक. आपले कोटणीस १९३८ लाच चीनला गेले होते. भैय्या चौकात स्मारक आहे, किती जण आत गेलेत?

कडक_भाकरी
मी. शाळेच्या सहलीत. सहल शाळेपासून चालत दहा मिनिटं होती.

शेंगापोळी
इतका वेळ गप्प होते, पण सोलापूरचा धागा आहे म्हणून एक कडू घास टाकते. मी अन्नतंत्रज्ञान शिकले आहे. यकृताच्या कर्करोगाचं दुसरं मोठं कारण आपल्या ताटात येऊ शकतं. शेंगदाणा.

कडक_भाकरी
चटणीला हात लावायचा नाही. धागा उडवा.

शेंगापोळी
पूर्ण वाचा की ओ. दाण्याला आणि मक्याला ओल लागली की एक हिरवट पिवळी बुरशी येते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले तेव्हा ते शोधून काढलं. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती. १९७४ मध्ये आपल्याकडे राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली. तो जास्त प्रमाणातला मारा झाला. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर ते यकृताच्या पेशीच्या डीएनएवर घाव घालतं. आणि कावीळ बचा वाहक असेल त्याच्यात दोन्ही मिळून धोका कितीतरी पटींनी वाढतो, हे चीनमधल्या अभ्यासांत दिसलंय.

भाजल्याने ते पूर्ण जात नाही. त्यामुळे 'खरपूस भाजलंय, काय होतंय' हे खरं नाही. उपाय आजीचाच आहे. दाणे सुपात घेऊन निवडायचे. काळे, सुरकुतलेले, बुरशीचे, कडवट लागणारे फेकायचे. खवट दाणा चटणीत ढकलायचा नाही. शेंगा नीट वाळवून कोरड्या जागी ठेवायच्या. चटणी बंद करा असं मी मेले तरी म्हणणार नाही.

कडक_भाकरी
शब्द मागे घेतो. पण उखळात कुटलेलीच, मिक्सरमधली नाही.

गणितमास्तर_होटगीरोड
धाग्याचं चटणीत रूपांतर होण्याआधी: डॉक्टर, तुमचं म्हणणं मान्य. सव्वातीन वर्षांचा मुद्दा माझ्याकडून निसटला. पंचवीस वर्षं पोरांना प्रश्न पूर्ण वाचा म्हणून ओरडलो, स्वतःच अर्धा वाचला.

माग_बंद_आहे
लग्नाच्या प्रश्नाला कुणी हात लावेना म्हणून मी लावतो. सांगू नका. माझ्या मित्राने सांगितलं, आठ दिवसांत सुपारी मोडली. वर पूर्ण समाजात बोभाटा, 'त्यांच्यात मोठा रोग आहे'. बहिणीचं स्थळही परत गेलं. हा काय एड्स आहे का? मुलीला लग्नानंतर गुपचूप लस द्यावी.

विडीघरकुल
गुपचूप लस कशी देतात? झोपेत? आणि उद्या ती गरोदर राहिली, दवाखान्यात नेहमीच्या तपासणीत तिचा रिपोर्ट आला, मग तिला विचारतील कुठून आणलंस. ते उत्तर कोण देणार? तुमचा मित्र?

माग_बंद_आहे
मी अनुभव सांगितला, सल्ला आवडला नाही तर सोडा.

विडीघरकुल
अनुभवाचं वाईट वाटलं. सल्ल्याचा राग आला.

पोटाचा_डॉक्टर
सांगायचं. मध्यस्थामार्फत नाही, पत्रिकेबरोबर तर नाहीच. दोघं भेटून बरं वाटलं, पुढे जायचं ठरलं की सुपारीच्या आधी मुलाने स्वतः मुलीला सांगायचं आणि दोघांनी मिळून डॉक्टरकडे जायचं. लसीचे तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. नंतर प्रतिपिंडं तयार झाली का ते तपासायचं. तोवर निरोध. एवढं केलं की संसार इतरांसारखाच, मुलंबाळंही. मी अशी किती तरी जोडपी बघतो.

अशोक_चौक
लसीवरून. आमचे अर्धे पाहुणे हैदराबादचे, म्हणून ही गोष्ट घरात ऐकत आलो. नव्वदच्या दशकात ही लस परदेशी आणि फार महाग होती. पैसेवाल्यांच्याच पोरांना मिळायची. वरप्रसाद रेड्डी नावाच्या इंजिनियरने शांता बायोटेक्निक्स काढली, कंपनीला आईचं नाव दिलं, आणि १९९७ मध्ये देशी लस बाजारात आणली. किंमत धाडकन उतरली. धागाकर्तीचा भाऊ त्याच्या आधी जन्मलेला दिसतो.

नान्नजचा_माळढोक
हो, आणि देशभरातल्या बाळांना सरकारी लसीकरणात ती मिळायला २०११ उजाडलं. तैवानने १९८४ च्या जुलैत सुरू केली, आधी वाहक आयांच्या बाळांना, दोन वर्षांनी सगळ्याच बाळांना. १९९७ मध्ये तिथल्या चांग मेइ-ह्वेइ यांनी दाखवलं की लहान मुलांमधला यकृताचा कर्करोग जवळपास निम्म्यावर आला. लस टोचून कर्करोग कमी झाल्याचा हा पहिला पुरावा.

बीझलीचं आणखी एक काम होतं, विषाणू आईकडून बाळाकडे जातो ते जन्माच्या सुमाराला, हे दाखवण्याचं. जन्मतः लागण झाली तर दहापैकी नऊ बाळं कायमची वाहक होतात. मोठेपणी झाली तर शंभरात पाचही नाहीत. म्हणून पहिला डोस २४ तासांच्या आत.

ताई, यावरून एक विचारायचं होतं. तुमच्या आईंची तपासणी केली का?

जोडबसवण्णा_चौक
सलूनमधनं पण येती ना ओ? आणि गड्ड्याच्या जत्रेत मी गोंदवून घेतलंय, सगळ्यांना एकच सुई. आता मला झोप लागंना.

लॅबवाला_निवृत्त
येऊ शकते. हा विषाणू बाहेर वाळलेल्या रक्ताच्या थेंबात निदान सात दिवस तग धरतो. २००९ मध्ये गुजरातेत मोडासाला वापरलेल्या सुयांमुळे साथच आली होती. जागून काय होणार, उद्या जाऊन रक्त द्या. निगेटिव्ह आलं तर लस घ्या.

बाळीवेसची_लेक
सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय. तीन आठवडे धावपळ चालली होती.

@माळढोक, तुमचा प्रश्न वाचला त्या रात्री मी कुणालाच काही बोलले नाही. सकाळी सगळ्यांची तपासणी करू म्हणाले. बाबा, मी, आजी निगेटिव्ह. आई पॉझिटिव्ह. तिलाही कधी काही त्रास नाही.

ती रिपोर्ट हातात धरून बराच वेळ बसली. मग म्हणाली, "म्हणजे मीच दिलं त्याला." भाऊ म्हणाला, "नाक पण तूच दिलंस, त्याचं काय करू." संध्याकाळी त्याचं वेगळं ताट गुपचूप मांडणीत परत गेलं होतं.

@डॉक्टर, तुम्ही विचारलं होतं. आईचे वडील पोटात पाणी होऊन गेले, ५२ व्या वर्षी. त्या काळी कुणी काही नाव सांगितलं नाही. दारूला शिवले नव्हते, तरी गावात दारूच म्हणायचे. आईला हे आत्ता आठवून खूप रडू आलं.

भावाचा विषाणू कमी आहे, सध्या गोळी नाही, सहा महिन्यांनी परत बोलावलंय. आईची सोनोग्राफी ठीक, पण तिला गोळी सुरू केली. आम्हा बाकीच्यांचा पहिला डोस झाला. आजीने सुईला घाबरून 'मला कशाला आता' म्हटलं, पण घेतला. नर्सला विचारत होती, हे ऑस्ट्रेलियाचं का.

लग्नाचं भावानेच ठरवलंय, तो स्वतः सांगणार. परवा एकीला सांगितलं. तिने विचार करून कळवते म्हटलंय.

माग_बंद_आहे
तिने नाही म्हटलं तरी त्याने सांगितलं हे बरंच केलं. माझं वरचं सोडा.

पोटाचा_डॉक्टर
उत्तम काम झालं. एक राहिलं. आईंची भावंडं? आजोबांचा इतिहास आहेच, पण आईंच्या आईकडूनही आलेलं असू शकतं. सगळ्यांचं व्हायला हवं, आणि त्यांच्या मुलांचंही.

बाळीवेसची_लेक
तीन मामा, एक मावशी. त्यांची मिळून अकरा मुलं. मावशी इंडीला असते, तिच्याकडे फोन फक्त संध्याकाळी लागतो. वही घेऊन बसलेय.